रक्तातला वारसा आणि कपाळावरची रेघ

मी एका तालुक्याच्या गावी महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवते. आनुवंशिकतेचा पाठ दर वर्षी माझ्याकडेच असतो. मेंडेलचे वाटाणे, उंच आणि बुटकी झाडे, फळ्यावरचा तो चार घरांचा चौकोन, हे सारे मी इतक्या वेळा शिकवले आहे की झोपेत उठवले तरी सांगेन. परंतु या पाठाचा माझ्या घराशी, माझ्या आत्याच्या मरणाशी काही संबंध असेल, असे मला कधी वाटले नव्हते. पहिल्या पिढीच्या शिक्षणाचे असेच होते. पुस्तक एका बाजूला राहते आणि घर दुसऱ्या बाजूला. दोहोंत पूल बांधायला कोणी शिकवलेले नसते.

आमची आजी, म्हणजे आबांची आई, पोटात पाणी होऊन गेली. तिच्या दुखण्याला कोणी नाव दिले नाही. त्यानंतर आत्याच्या छातीत गाठ आली. दुखत नव्हती, म्हणून तिने ती दीड वर्ष पदराखाली झाकून ठेवली. एकोणचाळिसाव्या वर्षी ती गेली. वस्तीत कोणी करणी म्हणाले, कोणी मागल्या जन्मीचे म्हणाले आणि तिच्या सासरच्यांनी ‘माहेरचंच वाण खोटं’ असे म्हणून हात झटकले. तीन वर्षांपूर्वी आत्याच्या मुलीला, आमच्या अक्काला, तशीच गाठ निघाली. तेव्हा ती एक्केचाळीस वर्षांची होती. मी तिला घेऊन जिल्ह्याच्या गावी एका डॉक्टरांकडे गेले. त्यांनी मला सहज विचारले, “तुमच्या आईकडे कोणाला होता का हा रोग?” मी नाही म्हणाले. “मग तुम्हाला भीती नाही,” असे ते म्हणाले आणि मी सुटकेचा श्वास टाकला. प्राणिशास्त्राच्या शिक्षिकेने टाकला! कारण ते उत्तर चुकीचे होते. माझ्या फळ्यावरच्या चौकोनाने मला ते केव्हाच सांगितले होते. मीच ऐकले नव्हते.

हा लेख त्या चुकीच्या उत्तराविषयी आहे. आपल्या आयाबहिणींच्या जिवाशी त्याचा संबंध आहे. शिवाय ‘आनुवंशिक’ हा शब्द ऐकला की आपल्या चळवळीतील माणसाचे कान टवकारतात, आणि ते योग्यही आहे. त्याचाही येथे विचार करायचा आहे.

प्रथम शास्त्र समजून घेऊ. आपल्या प्रत्येक पेशीत एक लांबलचक लिखाण असते. सुमारे तीनशे कोटी अक्षरांचा एक संच आईकडून येतो आणि तेवढाच दुसरा बापाकडून. या लिखाणातील अर्थपूर्ण वाक्यांना आपण जनुके म्हणतो. पेशी दुभंगून नवी पेशी होते तेव्हा हे सारे लिखाण उतरवून घेतले जाते आणि उतरवताना चुका होतात. ऊन, तंबाखू, शरीरातील घडामोडी यांमुळेही धागे तुटत असतात. ते सांधण्याची व्यवस्था शरीरातच असते. आजी वाकळ शिवायची तेव्हा फाटलेला तुकडा तसाच न ठेवता आधी टाके घालून घ्यायची. पेशीतही असे टाके घालणारी काही जनुके आहेत. त्यांतील दोघांची नावे बीआरसीए-१ आणि बीआरसीए-२. ही जनुके प्रत्येकात असतात, स्त्रियांत आणि पुरुषांतही. ‘तिला बीआरसीए आहे’ असे जे बोलले जाते ते म्हणूनच चुकीचे आहे. बीआरसीए सर्वांनाच आहे. काहींच्या बीआरसीएमध्ये जन्मापासून बिघाड असतो, इतकेच.

या बिघाडाला उत्परिवर्तन म्हणतात. कधी दोन अक्षरे गळालेली असतात, कधी एक जास्तीचे घुसलेले असते, आणि तेवढ्याने पुढचे सारे वाक्य बिघडते. समजा घरात दोन सुया आहेत, एक आईने दिलेली, एक बापाने दिलेली. त्यांतली एक मोडकीच मिळाली तरी दुसरीने काम चालते. म्हणून असा बिघाड घेऊन जन्मलेले मूल अगदी धडधाकट असते. परंतु पुढे आयुष्यात एखाद्या पेशीतील दुसरी सुईही मोडली, तर त्या पेशीत टाके घालणारे कोणी उरत नाही. फाटलेले फाटतच जाते, चुकांवर चुका साचतात आणि त्यांतून कर्करोग उभा राहू शकतो. ज्यांना दोन्ही सुया चांगल्या मिळाल्या त्यांच्या एकाच पेशीतील दोन्ही मोडाव्या लागतात. ते क्वचित घडते. ज्यांना एकच चांगली मिळाली त्यांची एक मोडली की पुरे. अशा घरांत हा रोग कमी वयात का येतो, याचे उत्तर येथे आहे. वारशाने रोग येत नाही, रोगाला अडवणारी एक भिंत कमी येते. हा भेद शब्दांचा खेळ नव्हे. पुढचे सारे विवेचन त्यावर उभे आहे.

हे कळायला फार काळ लागला. पॉल ब्रोका या फ्रेंच शल्यविशारदाने १८६६ साली आपल्या पत्नीच्या घराण्यातील स्त्रिया पिढ्यान्‌पिढ्या कर्करोगाने मरत असल्याची नोंद केली. पुढे शंभर वर्षे याचे कारण सापडले नाही. विसाव्या शतकाच्या सत्तरीत मेरी-क्लेअर किंग या अमेरिकन संशोधिकेने हा प्रश्न हाती घेतला. इतका गुंतागुंतीचा रोग एका जनुकाशी बांधता येईल यावर तेव्हा फार थोड्यांचा विश्वास होता. सतरा वर्षे ती या कामाला चिकटून राहिली आणि १९९० साली तिने दाखवून दिले की, ज्या घरांत हा रोग लहान वयात येतो त्यांपैकी अनेक घरांत त्याचे मूळ सतराव्या गुणसूत्राच्या एका ठरावीक भागात आहे. त्या जागेवरचे बीआरसीए-१ हे जनुक १९९४ साली प्रत्यक्ष हाती लागले. तेराव्या गुणसूत्रावरचे बीआरसीए-२ त्याच्या पुढच्या वर्षी, १९९५ मध्ये. याच किंगबाईंनी १९८४ पासून अर्जेंटिनातल्या आज्यांना साथ दिली. तेथील लष्करी राजवटीने १९७६ ते १९८३ या काळात तरुण आईबापांना नाहीसे केले होते आणि त्यांची पोरे दुसऱ्यांच्या घरी दिली होती. ती पोरे कोणाची नातवंडे, हे जनुकांवरून सिद्ध करण्यासाठी त्यांनी आपले शास्त्र वापरले. रक्ताचे शास्त्र कोणाच्या हाती आहे आणि कोणासाठी आहे, यावर त्याचे बरेवाईटपण ठरते, हे यातून दिसते.

आता आकडे. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात बिघाड असलेल्या सुमारे दहा हजार स्त्रियांचा अनेक वर्षे मागोवा घेतला होता. बीआरसीए-१ मध्ये बिघाड असलेल्या शंभर स्त्रियांपैकी ७२ जणींना, आणि बीआरसीए-२ मध्ये असलेल्या शंभरांपैकी ६९ जणींना, वयाच्या ८० वर्षांपर्यंत स्तनाचा कर्करोग होऊ शकतो, असा त्याचा निष्कर्ष आहे. बीजकोशाच्या कर्करोगाचे हेच प्रमाण अनुक्रमे ४४ आणि १७ आहे. अमेरिकेतील सर्वसामान्य स्त्रीला स्तनाच्या कर्करोगाचा आयुष्यभरातील धोका शंभरात सुमारे १३ आहे. आपल्याकडे तो त्याहून कमी आहे. वरील अभ्यासातील घरे प्रामुख्याने पाश्चात्त्य देशांतील आहेत, हेही ध्यानात ठेवले पाहिजे. आजीच्या ‘पोटात पाणी’ होण्याचा अर्थ मला हे वाचताना लागला. बीजकोशाचा कर्करोग पुष्कळदा असाच उघडकीस येतो.

या आकड्यांत दोन गोष्टी दडलेल्या आहेत. पहिली अशी की ७२ म्हणजे शंभर नव्हे. बिघाड असूनही कर्करोग न होणाऱ्या स्त्रिया आहेतच. दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. स्तनाच्या कर्करोगाच्या शंभर रुग्णांपैकी पाच ते दहा जणींचाच रोग अशा वारशाने आलेल्या बिघाडाशी जोडलेला असतो. बाकीच्या नव्वदांहून अधिक जणींच्या घरात तसे काही नसते. ‘आमच्या घरात कोणाला नाही’ म्हणून निर्धास्त राहणारी बाई म्हणूनच फसते.

आता त्या डॉक्टरांच्या प्रश्नाकडे वळू. स्तन बाईला असतात, म्हणून हा वारसा आईकडूनच येणार, असे बहुतेकांना वाटते. हे साफ चूक आहे. ही जनुके सतराव्या आणि तेराव्या गुणसूत्रांवर आहेत, आणि ती गुणसूत्रे स्त्री-पुरुष दोघांतही असतात. बापाकडे एक चांगली आणि एक मोडकी सुई असेल, तर प्रत्येक लेकराला तो दोहोंपैकी एक देतो. कोणती, ते त्याच्या हाती नसते. मुलगा असो वा मुलगी, प्रत्येकाच्या वेळी नाणे नव्याने उडवले जाते. पुरुषाला स्वतःला स्तनाचा कर्करोग क्वचित होतो; बीआरसीए-२ मध्ये बिघाड असेल तर त्याची आणि प्रोस्टेट ग्रंथीच्या कर्करोगाची शक्यता वाढते. परंतु पुष्कळदा तो निरोगीच राहतो आणि बिघाड मात्र त्याच्यामार्फत पुढे जातो. मग आत्याचा रोग भाचीच्या दारात आला की लोक म्हणतात, हा अचानक कोठून आला?

अक्काची शस्त्रक्रिया आणि केमो महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून झाले. पुढे मुंबईतील एका मोठ्या रुग्णालयात समुपदेशक बाईंनी कोऱ्या कागदावर आमच्या घराण्याचे झाड काढले. बाईसाठी गोल आणि पुरुषासाठी चौकोन, ज्याला रोग झाला त्याची खूण काळी. तीन पिढ्या त्या कागदावर उतरल्या. वंशावळी लिहून ठेवल्या गेल्या त्या देशमुख-देशपांड्यांच्या. आमच्या घराची वंशावळ कोणी लिहिण्याची ती पहिलीच वेळ होती, आणि ती रोगासाठी लिहिली गेली. तपासणीचा खर्च आम्ही भावंडांनी वर्गणी करून भागवला. अक्काच्या बीआरसीए-१ मध्ये बिघाड निघाला. येथे एक व्यवहाराची गोष्ट सांगते. शक्य असेल तर ज्याला रोग झाला आहे त्याचीच तपासणी प्रथम करावी. त्याच्यात नेमकी जागा सापडली की बाकीच्यांची तेवढीच एक जागा तपासावी लागते, आणि ते कमी खर्चात होते.

मग आबांची तपासणी झाली. त्यांच्यात तो बिघाड होता. माझ्यात नाही. माझ्या धाकट्या भावात आहे. निकाल हाती आला तेव्हा मला आधी हलके वाटले आणि लगेच स्वतःची लाज वाटली. आबांनी अडुसष्टाव्या वर्षी मला विचारले, “म्हंजे म्याच दिलं का गं लेकराला ह्ये?” ज्या माणसाने आयुष्यभर दुसऱ्याच्या रानात राबून आम्हांला शिकवले, त्याला असे वाटावे! मी त्यांना म्हणाले, “आबा, तुम्हांला ते तुमच्या आईनं दिलं. तिला कोणी दिलं ते आपल्याला माहीत नाही. देणाऱ्याच्या हातात काही नव्हतं.” त्यांना ते किती पटले, मला ठाऊक नाही.

आता त्या शब्दाविषयी बोलू. ‘रक्त’, ‘वंश’, ‘बीज’, ‘वाण’ या शब्दांनी आपल्याला हजारो वर्षे छळले. जन्माने जे आले ते टळत नाही, असे सांगून आपल्या माथी प्राक्तन मारले गेले. पुढे त्याला शास्त्राचा वेषही चढला. ज्या ब्रोकाने आपल्या पत्नीच्या घराण्याची नोंद केली, त्यानेच कवट्या मोजून मानववंशांची उतरंड लावली. आपल्या देशात हर्बर्ट रिस्लेने नाकांची मापे घेऊन जातींची उच्चनीचता ठरवू पाहिली. बाबासाहेबांनी १९४८ सालच्या अस्पृश्यांच्या मुळाविषयीच्या ग्रंथात तसल्याच मोजमापांचे आकडे समोर ठेवून दाखवले की, ब्राह्मण आणि अस्पृश्य यांचे वंश वेगळे ठरत नाहीत. त्यांनी मोजमापाला भिऊन पाठ फिरवली नाही. ते त्यांनी हाती घेऊन तपासले. आपण हीच रीत घेतली पाहिजे. आनुवंशिकता हा शब्द शत्रूने वापरला म्हणून ती नाकारायची, हा एक आडमार्ग आहे. ती प्राक्तन समजून हात जोडायचे, हा दुसरा. दोन्ही मार्गांनी आपलीच बाई मरते.

जातिव्यवस्थेचा प्राण अंतर्विवाहात आहे, हे बाबासाहेबांनी १९१६ साली कोलंबिया विद्यापीठातील निबंधात मांडले होते. अंतर्विवाहाचा शरीरावर होणारा परिणाम आता जनुकांतही वाचता येतो. युरोपातून आलेल्या अश्केनाझी ज्यू समाजात बीआरसीएमधील तीन ठरावीक बिघाड दर चाळिसांतील सुमारे एका व्यक्तीत सापडतात. इतर समाजांत हे प्रमाण शेकड्यांत एक इतके विरळ आहे. याचे कारण त्या समाजाचे रक्त वाईट आहे असे नव्हे. मूळ समूह लहान होता आणि शतकानुशतके लग्ने आतल्या आत झाली. आपल्या उपखंडातील २६३ समूहांचा अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. त्यांपैकी ८१ समूहांत अशा मर्यादित पूर्वजांची खूण अश्केनाझींहूनही ठळक दिसली. ‘शुद्ध रक्त’ राखण्याच्या हट्टाने शुद्धता राखली जात नाही, दडलेले दोष तेवढे राखले जातात. आणि एकच दोष आई व बाप दोघांकडून आला की होणारे दुर्मिळ रोग अशा समूहांत वाढतात. मात्र यावरून ‘अमुक जातीला अमुक रोग’ असे कोणी म्हणू लागला तर त्याला तेथेच थांबवले पाहिजे. बीआरसीएचा बिघाड सर्व समाजांत आढळतो. ज्यूंत आढळणारा दोन अक्षरे गळाल्याचा एक बिघाड एका भारतीय कुटुंबातही स्वतंत्रपणे उद्भवल्याचे आढळले आहे. चुकीला जात नसते.

परंतु चूक कळण्याला जात आणि वर्ग असतात. जनुक सापडले तेव्हा अमेरिकेतील मिरियड जेनेटिक्स या कंपनीने त्याची पेटंटे घेतली आणि तपासणीची मक्तेदारी आपल्याकडे ठेवली. एका तपासणीला तीन हजार डॉलरांहून अधिक पडत. निसर्गाने घडवलेले जनुक कोणाच्या मालकीचे असू शकत नाही, असा निर्णय तेथील सर्वोच्च न्यायालयाने १३ जून २०१३ रोजी एकमताने दिला, तेव्हा दुसऱ्या प्रयोगशाळांना वाट मोकळी झाली. पाणवठ्यावरची मालकी ज्यांनी भोगली त्यांच्या नातवंडांना हा खटला वेगळा समजावून सांगायला नको. आणखी एक गोष्ट. पुष्कळदा तपासणीत असा फरक सापडतो की तो घातक की निरुपद्रवी हे सांगता येत नाही. गोऱ्या लोकांपेक्षा इतरांच्या बाबतीत असे संदिग्ध उत्तर जास्त येते. कारण ज्यांच्या रक्ताच्या नोंदी जमवल्या ते बहुतांशी गोरे होते. ज्यांची मोजणी झाली नाही त्यांना उत्तर मिळत नाही. ही गोष्ट आपल्याला नवी नाही.

बिघाड सापडला तर काय करता येते? पुष्कळ काही. साधारण पंचविशीपासून दर वर्षी एमआरआय आणि तिशीपासून मॅमोग्राफीही, म्हणजे रोग आलाच तर लहान असताना सापडतो. मुलेबाळे झाल्यावर, बीआरसीए-१ असेल तर ३५ ते ४० या वयात, बीजकोश व बीजनलिका काढून टाकण्याचा सल्ला देतात. काही स्त्रिया रोग होण्याआधीच स्तन काढून घेतात; त्याने धोका शंभरातील नव्वद हिश्श्यांनी किंवा त्याहूनही अधिक उतरतो. हा निर्णय फार जड आहे, आणि तो त्या बाईचाच असला पाहिजे, सासूचा किंवा नवऱ्याचा नव्हे. ओलापारिबसारखी औषधेही आता आहेत. टाके घालण्याची एक व्यवस्था आधीच मोडलेल्या रोगट पेशीची दुसरी व्यवस्था ती अडवतात आणि ती पेशी मरते. म्हणजे वारशातला दोषच तेथे उपचाराचे दार होतो. जन्माने मिळालेले अटळ नसते, याचा याहून सरळ पुरावा कोणता?

तथापि एमआरआयची यंत्रे शहरात आहेत आणि आपल्या बायका रोजगार बुडवून शहरात जाऊ शकत नाहीत. म्हणून जनुकाच्या चर्चेत साधा प्रश्न हरवू देता कामा नये. २०२२ साली भारतात सुमारे १ लाख ९२ हजार स्त्रियांना हा रोग झाला आणि सुमारे ९८ हजार दगावल्या, असा आंतरराष्ट्रीय अंदाज आहे. यांतील बहुसंख्य मृत्यू जनुकामुळे नव्हे, उशिरामुळे झाले. टाटा स्मारक रुग्णालयाने १९९८ पासून मुंबईच्या झोपडपट्ट्यांतील दीड लाख स्त्रियांचा अभ्यास केला. त्यांतील निम्म्या वस्त्यांत प्रशिक्षित आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी हाताने स्तन तपासत. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार पन्नाशीपुढील स्त्रियांतील स्तनकर्करोगाचे मृत्यू त्यामुळे जवळपास ३० टक्क्यांनी घटले. पन्नाशीच्या आतील स्त्रियांत मात्र तसा फायदा दिसला नाही. महागडे यंत्र नव्हते, शिकवलेले हात होते. असे हात वस्तीवस्तीत तयार करणे अशक्य आहे काय?

माझी कार्यकर्त्यांना, विद्यार्थ्यांना, शिक्षकांना एक विनंती आहे. आपल्या घराचे झाड कागदावर काढा. तीन पिढ्या, आईच्या आणि बापाच्याही बाजूच्या. कोण कशाने गेले, कोणत्या वयात गेले, ते म्हाताऱ्या माणसांना विचारून लिहा. ‘करणी’ आणि ‘पोटात पाणी’ या शब्दांआड काय होते ते शोधा. पन्नाशीच्या आत स्तनाचा कर्करोग, बीजकोशाचा कर्करोग, पुरुषाला स्तनाचा कर्करोग, किंवा एकाच बाजूला दोन-तीन जणांना रोग, यांपैकी काही दिसले तर मोठ्या कर्करोग रुग्णालयातील जनुकीय समुपदेशन विभागात जा. आणि ते लपवू नका. मुलीचे लग्न मोडेल म्हणून अनेक घरांत हे दडवले जाते. लग्न मोडणे आणि मूल गमावणे यांतले मोठे संकट कोणते, हे आपणच ठरवायचे आहे.

माझा भाऊ प्रथम म्हणाला, “ताई, मी बाप्या माणूस, मला काय करायचंय?” त्याला सहा वर्षांची मुलगी आहे. ती सज्ञान होईपर्यंत तिची तपासणी करायची नसते. करायची की नाही हे पुढे तीच ठरवील. तिला तो बिघाड मिळाला असण्याची शक्यता अर्धी आहे. आता भावाने झाडाचा तो कागद पेटीत जपून ठेवला आहे, शाळेच्या दाखल्याजवळ. आत्याला जे कोणी सांगितले नाही, ते त्या मुलीला वेळेवर कळेल.